पोटात गोळा येणे : वाक्यात उपयोग करा

गेली 22 वर्षं मी मराठी शिकवतोय, "पोटात गोळा येणे" हा वाक्प्रचार फळ्यावर पाचशे वेळा तरी लिहिला असेल, पण तो गोळा नक्की कुठून निघतो आणि कुठपर्यंत पोचतो हे मला परवा आठवी 'ब'च्या सहलीत, रोलर कोस्टरवर कळलं.

खरं तर माझा प्लॅन साधा होता. पोरांच्या सॅका सांभाळायच्या, सावली बघून बसायचं आणि डब्यातली थालीपीठं संपवायची. पण "सर घाबरले, सर घाबरले" असं चाळीस पोरं एका सुरात ओरडायला लागली की मास्तर काय करणार? त्यात आमचे सायन्सचे सर, "चला हो, काही होत नाही, सगळं गणित असतं ते." अहो, गणिताची भीती होती म्हणून तर मी मराठी घेतलं!

लाइन दीड तासाची आणि राइड दीड मिनिटाची, त्यामुळे मधल्या वेळात सरांनी मला फुकट क्लास दिला. गाडी एकदम खाली पडायला लागली की आपलं वजन जातं, मग एरवी आपापल्या वजनाने खाली टेकून असलेली आतडी-बितडी आतल्या आत तरंगायला लागतात, तोच तुमचा गोळा, म्हणाले. ह्याला राइड बनवणारे लोक एअरटाइम म्हणतात आणि कुठल्या उंचवट्यावर किती द्यायचा ते आधी कागदावर ठरवतात. म्हणजे कुठेतरी एक माणूस एसीत बसून चहा पिता पिता माझ्या पोटात गोळा कधी आणायचा ते ठरवतो आणि त्याचा पगार घेतो.

हा उद्योग जुना आहे म्हणे. 1890 च्या दशकात अमेरिकेत एक झोपाळा निघाला होता, लोकांना त्यावर बसवायचे, झोपाळा जेमतेम हलायचा, पण आजूबाजूची अख्खी खोली सामानासकट गोल फिरवायचे आणि लोकांना वाटायचं आपणच उलटे झालो, मग दांडा धरून किंचाळायचे. आपल्याकडे घर फिरलं की वासे फिरतात म्हणून सोडून दिलं, त्यांनी तिकीट लावलं. जर्मनीत 1949 मध्ये तर एक मोठं पिंपच केलं, माणसं आत भिंतीला टेकवून उभी करायची, पिंप गरागरा फिरवायचं आणि माणसं भिंतीला चिकटली की पायाखालची जमीन खाली घ्यायची. मी म्हटलं, सर, तुम्ही माझ्या व्याकरणाच्या पुस्तकातला धडा वाचताय का?

समोरच्या उभ्या गोल वळशाबद्दल विचारलं तर म्हणे तो गोल नाहीच, नीट बघा, पाण्याच्या थेंबासारखा आहे, वर निमुळता. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला खरोखर गोल केला होता, तर गाडी आत शिरताच असा हिसका बसायचा की लोक मान धरून उतरायचे. शेवटी 1976 मध्ये वेर्नर श्टेंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियात तो थेंब बसवला, वळण हळूहळू घट्ट होत जातं, रेल्वेच्या रुळांना देतात तसं. मला मानेपुरतं बरं वाटलं.

आम्हाला मिळाली शेवटची सीट. मी खूश, म्हटलं मागे कमी लागत असेल. आयुष्यभर एसटीने हिंडलेल्या माणसाने असा विचार करावा, लाजच वाटते. पुढचे डबे उतरायला लागले की ते मागच्याला चढावरून खेचून घेतात, त्यामुळे खरा गोळा मागेच.

ऑपरेटर पोराने छातीवरचा बार खाली ओढला, तो थालीपिठांवर अडकला, मग त्याने "काका, श्वास सोडा" म्हणत गुडघा लावून दाबला. गाडी टक टक टक करत चढायला लागली. गाडी मागे घसरू नये म्हणून खालचा लोखंडी खटका एकेका दातावर पडतो, तो आवाज. म्हणजे आवाज आहे तोवर आपण सेफ. मी मोजत होतो. एकशे चौदाला आवाज थांबला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. गोळा बेंबीतून निघाला, गळ्यापाशी आला, तिथे थांबून इकडेतिकडे बघितलं असावं आणि परत गेला. तो थेंब कधी आला कधी गेला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते. शेजारी कोणीतरी होतं एवढं आठवतं.

सोमवारी वर्गात वाक्प्रचारांची चाचणी घेतली. चाळीसपैकी एकतीस पेपरांत एकच वाक्य, "गाडी खाली येताच सरांच्या पोटात गोळा आला." आणि राइडवर माझ्या शेजारी बसलेल्या पोराने 'जीव मुठीत धरणे'ला लिहिलं होतं, "सरांनी एका मुठीत जीव धरला आणि दुसऱ्या मुठीत माझा हात, तो अजून दुखतोय."

अर्धा मार्क कापायला म्हणून तीनदा वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक सापडेना.