साडेतीन वेळा

आज सकाळी गतिरोधकावरून उतरलो आणि माझी गाडी मान डोलवत राहिली. फुटपाथवरच्या एका अनोळखी काकांनी ते पाहिलं. घडलं एवढंच, पण अजून उतरलेलं नाही.

गाडी ऐटबाज दिसावी म्हणून ३० मिलीमीटरने खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा टाकल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले. ‘चालतात की, सगळे तेच करतात,’ असं बसवणारा म्हणाला. त्याची स्वतःची गाडी मात्र मूळ उंचीवर उभी होती.

काका सरळ आले आणि त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. परवानगी वगैरे नाहीच. नाडी बघणाऱ्यासारखे डोळे मिटून मोजू लागले. “एक... दोन... तीन...” मग डोळे उघडून, “साडेतीन! एकदा उसळून गप्प बसायला हवी.”

“काका, स्पोर्टी आहे ती.”

“अरे, स्पोर्टी कसली, हिचं बोलणं संपत नाहीये.” आणि पुन्हा दाबली. मागे दोन रिक्षा थांबल्या. एका रिक्षावाल्याने उतरून दुसरा कोपरा दाबला. आकडा तोच आला, तेव्हा दोघांनी समाधानाने माना हलवल्या. गाडीनेही हलवली.

“पैसे देऊन केलंस हे?” काकांनी विचारलं. अगदी मायेने. तेच जास्त झोंबलं.

बरं, काका चुकले असते तर भांडता तरी आलं असतं. स्प्रिंग उसळणार, शॉकअप तिला आवरणार, अशी वाटणी असते. आखूड स्प्रिंग सहसा कडकही असते, आणि स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की त्याच शॉकअपचा धाक साधारण १२ टक्क्यांनी कमी पडतो. हे वर्गमुळाचं गणित. शाळेत मास्तर छडी घेऊन शिकवत होते तेव्हा हे सांगितलं असतं तर लक्ष दिलं असतं. शिवाय गाडी आधीच खाली बसल्यामुळे शॉकअप अर्ध्या वाटेवरच बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर, आदळतो, आणि तो दणका थेट माझ्या मणक्यात येतो. चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात, हे मला टायर झिजल्यावर कळलं. बसवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असणार. सांगायला काय जात होतं?

आत्ता रात्री कुणी नाही असं बघून खाली गेलो, बॉनेट दाबलं आणि मोजलं.

चार.