दाराची किंमत म्हणजे दार बदलण्याचा खर्च नव्हे

"गॅरेजचं दार बदलायचंय? दाराची किंमत बघा, वर दहा टक्के मजुरी धरा, झालं बजेट. स्प्रिंग, ट्रॅक, मोटर जुनीच चालते. स्प्रिंग तर व्हिडिओ बघून स्वतःच बसवा. आणि इन्सुलेशनवालं भारी दार घ्या, वीजबिलात पैसे वसूल होतात." हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून पैसे बाजूला काढणाऱ्यांची फसगत होते, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी स्प्रिंग, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. पॅनलचं, वर सरकत जाणारं दार खरं तर मोटर उचलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग, मोटर नुसती ओढते. म्हणून तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, लांबी हे सगळं दाराच्या वजनावरून ठरतं. जुनं दार एकेरी पत्र्याचं आणि नवं फोम भरलेलं दुहेरी पत्र्याचं असेल, तर जुनी स्प्रिंग त्याला अपुरी पडणारच. नवं दार बसल्यावर स्वतः तपासून बघा: दार बंद असताना मोटरची सुटका करणारी दोरी ओढा, दार हाताने अर्ध्यावर उचला आणि हात दाराजवळच ठेवून पकड हळूहळू सैल करा. तोल बरोबर असेल तर दार तिथेच थांबतं. खाली घसरू लागलं तर तो सगळा भार मोटरवर पडणार.

शिवाय स्प्रिंगला आयुष्य असतं. साधी स्प्रिंग सुमारे 10,000 उघडझापांसाठी बनवलेली असते. रोज चार वेळा दार वापरलं तर 2,500 दिवस, म्हणजे जेमतेम सात वर्षं. सहा वर्षं राबलेली स्प्रिंग नव्या दारावर ठेवली, की थोड्याच दिवसांत फिटरला पुन्हा बोलवायचं आणि मजुरी दुसऱ्यांदा मोजायची. त्यापेक्षा दुप्पट उघडझापांची स्प्रिंग आत्ताच घ्या. बसवायची मजुरी तीच, फरक फक्त स्प्रिंगच्या किमतीत.

"स्वतः बसवा" हे तर कुणी कुणाला सांगूच नये. दारावरच्या दांड्यावर पीळ देऊन ताणलेल्या स्प्रिंगमध्ये अख्खं दार तोलण्याइतका जोर साठलेला असतो. पीळ द्यायला ठरावीक मापाच्या लोखंडी सळया लागतात. त्यांच्या जागी पेचकस खोचला आणि तो निसटला, तर मनगट मोडतं, डोळा जातो. बजेटमधून काही कापायचंच असेल तर रंग कापा, खिडक्या कापा. ही मजुरी नको.

ट्रॅकचं, म्हणजे दाराची छोटी चाकं (रोलर) ज्या पट्टीतून धावतात तिचं, थोडक्यात: पॅनलची जाडी बदलली की रोलरची जागा बदलते, म्हणून दारासोबत आलेलाच ट्रॅक बसवावा. दाराच्या वर साधारण 12 इंच मोकळी जागा नसेल तर वेगळे सुटे भाग लागतात. ते ऑर्डरआधीच मोजून घ्या.

मोटरबाबत मात्र सल्ला अर्धा खरा आहे. मोटर धड असेल, नव्या दाराच्या वजनाला पुरत असेल आणि वाटेत काही आलं की दार उलटं फिरवणारे सेन्सर तिला असतील, तर खुशाल ठेवा. सेन्सर नसलेली मोटर लहान मुलं असलेल्या घरात एक दिवसही नको.

इन्सुलेशन? गॅरेज घराला लागून असेल किंवा वर झोपायची खोली असेल तर फरक जाणवतो. वेगळ्या उभ्या, गरम-थंड न ठेवलेल्या गॅरेजला त्याचे पैसे कशातून वसूल होणार? जाहिरातीतला आर-आकडा, म्हणजे दार उष्णता किती अडवतं ते सांगणारा आकडा, बहुतेकदा पॅनलच्या मध्यावरचा असतो. सांध्यांतून, कडांतून येणारी हवा त्यात धरलेली नसते.

राहिले ते दहा टक्के. मजुरी दाराच्या किमतीवर ठरतच नाही. तेवढ्याच मापाचं साधं दार बसवायला आणि महाग दार बसवायला कष्ट जवळपास सारखेच लागतात, त्यामुळे स्वस्त दार घेणाऱ्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. कोटेशनमध्ये दार, स्प्रिंग, ट्रॅक, जुनं दार काढून नेणं, खालचं रबर आणि मजुरी अशा वेगळ्या ओळी मागा. चौकटीचं लाकूड कुजलंय का, हे जुनं दार उतरवल्यावरच नीट दिसतं. म्हणून ते बदलावं लागलं तर फुटामागे दर काय, हेही काम सुरू व्हायच्या आधी त्याच कागदावर लिहून घ्या.