ग्लूटेन-फ्री कुकीजचा तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

सध्या सगळ्या ग्रुपवर एक रेसिपी फिरतेय, "मैद्याऐवजी खपली किंवा बारीक रवा घ्या, वरून कॉर्नफ्लेक्स नि ओट्स घाला, झाल्या ग्लूटेन-फ्री शुगर कुकीज, उरलंसुरलं ग्लूटेन ओव्हनमध्ये जळून जातं." माझ्या भाचीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, त्यामुळे हे वाचून पोटात गोळाच आला.

पहिलं म्हणजे खपली हा गहूच आहे, जुन्या वाणाचा असला तरी त्यात ग्लूटेन असतंच, आणि रवा तर गव्हाचाच, फक्त जाडसर दळलेला.

ओव्हनचं तर अजिबात पटण्यासारखं नाही. ग्लूटेन हे प्रोटीन आहे, १७५ डिग्रीला त्याचा आकार बदलतो पण ज्या तुकड्यांमुळे सिलिॲकवाल्यांच्या लहान आतड्याला इजा होते ते तसेच राहतात, नाहीतर पोळी नि ब्रेडही चालले असते ना! आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं, म्हणजे चिमूटभर रव्यानेही गणित बिघडतं.

आता वरून घालायच्या गोष्टी, खरी फसगत इथेच होते. बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट असतं आणि ते जवापासून बनतं, त्यातही ग्लूटेन आहेच. ओट्समध्ये शेतात, गोदामात गहू मिसळतो, त्यामुळे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे आणि काही सिलिॲकवाल्यांना तेही सोसत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. चॉकलेट चिप्स, टुटीफ्रुटीचंही लेबल वाचा. पिस्ते, काजू, भाजलेले तीळ मस्त लागतात, फक्त बारीक चिरून घाला, कारण ग्लूटेन नसलं की मोठ्या तुकड्यांपाशी कुकी फुटते.

"मग मैद्याशिवाय कुकीज होतच नाहीत" असंही कोणीतरी खाली लिहिलंय, तेही चूक, कुकीला पावासारखी लवचिक कणीक लागतच नाही. मी १५० ग्रॅम तांदळाचं पीठ, ५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्यापासून बनतो ते), अर्धा चमचा झँथन गम (ग्लूटेनऐवजी पीठ बांधून धरणारी पावडर), १०० ग्रॅम बटर, ९० ग्रॅम पिठीसाखर आणि एक अंडं घेते, गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवते म्हणजे पीठ ओलावा धरतं आणि कचकच लागत नाही, मग १०-१२ मिनिटं भाजते. ट्रेवरच गार होऊ द्या, गरम असताना उचललीत तर मोडतात.

आणि तांदळाचं पीठ गिरणीतून आणू नका, तिथे तुमच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात, मी घरीच मिक्सरवर करते आणि भाचीसाठी ते भांडं वेगळंच ठेवलंय.