‘वाढेल मागाहून’ म्हणण्याआधी मोजा

मुलाची उंची कमी वाटली की घरात कुणीतरी म्हणतंच, “आपल्या घराण्यात सगळे उशिराच वाढतात.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ते पट्टीने ठरतं, अंदाजाने नाही.

दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून मोजतात, त्यानंतर उभं करून. पाय अनवाणी, वेणी-अंबाडा सोडलेला, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर सरळ समोर. डोक्यावर काटकोनी खोका टेकवून खूण करायची. नुसती फूटपट्टी ठेवली की ती तिरकी होते आणि सेंटिमीटरभर चूक सहज होते. माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी किंचित बुटका असतो, म्हणून वेळ दरवेळी तीच. दर महिन्याला मोजू नका, तेवढ्यात होणाऱ्या वाढीपेक्षा मोजण्यातली चूकच मोठी निघते. सहा महिन्यांनी मोजा.

पहिल्या वर्षी मूल साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १०-१२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५-६. हा वेग ४ च्या खाली गेला तर थांबू नका. वाढीच्या आलेखावर कायम तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेवर (म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत उंचीने खालून तिसरं) चालणाऱ्या मुलापेक्षा पन्नासाव्यावरून पंधराव्यावर घसरलेलं मूल आम्हा डॉक्टरांना जास्त काळजीचं वाटतं. पण वर्गात ते मधल्या रांगेत उभं असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मूल मोठेपणी साधारण किती उंच होईल हे काढायला आईवडिलांच्या सेंमीमधल्या उंचीची बेरीज करा. मुलासाठी त्यात १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, मग निम्मे करा. वडील १६८, आई १५१, तर मुलगा १६६ च्या आसपास, मुलगी १५३. आठेक सेंमी इकडेतिकडे चालतं. (वडिलांची उंचीही मोजूनच घ्या, सांगितलेली नको!) आईवडिलांपैकी कुणी आजारामुळेच ठेंगणं राहिलं असेल, तर हे गणित फसवं.

वजनही बघा. उंची अडली पण अंग भरतंय, तर संशय थायरॉइड, वाढीचं हार्मोन किंवा स्टिरॉइड औषधांवर. वजन आधी घटलं, तर पोषण आणि आतडी, त्यात सीलिअॅकही (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा करणारा आजार).

डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, म्हणजे ती कितपत पक्व झाली, ते कळतं. ते मागे असलं की ‘उशिरा वाढणारा’ असा शिक्का पटकन बसतो, पण थायरॉइड कमी असतानाही ते मागेच राहतं. टीएसएचसोबत (थायरॉइडला चालना देणारं पिट्यूटरीचं हार्मोन) फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) ही रक्ततपासणीही करा, कारण पिट्यूटरीत, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीत, बिघाड असेल तर एकटा टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. वाढीचं हार्मोन झटक्याझटक्याने, मुख्यतः झोपेत स्रवतं. मनाला येईल तेव्हा केलेली त्याची रक्ततपासणी म्हणजे पैसे वाया. मुलीची उंची कमी असण्याचं कारण सापडत नसेल, तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायलाच हवं, ती बाकी अगदी निरोगी दिसत असली तरी.

पावडरी आणि बारला लोंबकळणं यांवर वर्षं घालवू नका. हाडांच्या टोकांची वाढपट्टी एकदा बंद झाली की हार्मोनचं इंजेक्शनही उंची वाढवत नाही. डॉक्टरांकडे जाताना जन्माचं वजन, जुन्या मोजमापांच्या तारखा आणि दम्याच्या पंपासकट सगळ्या औषधांची यादी घेऊन जा.