कारखान्यातल्या कल्पनांना वाली कोण?

उत्पादन क्षेत्र वाढवायचं म्हटलं की चर्चा फिरून फिरून सवलती, परदेशी गुंतवणूक आणि स्टार्टअपवर येते. कारखान्यात आधीपासून राबणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय, हे कुणी विचारतच नाही. मला हे फार खटकतं.

भारताने २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात जीडीपीतला कारखानदारीचा वाटा दशकभरात २५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. तो आजही १७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी दाखवून दिलंय की लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत उद्योगांचा वाटा देश श्रीमंत व्हायच्या आधीच उतरणीला लागला. याला व्यापार, तंत्रज्ञान, चीनची स्पर्धा अशी बरीच कारणं आहेत. पण जे कारखाने उभे आहेत त्यांच्यातून नवं काही का निघत नाही, हा प्रश्न तरीही उरतोच.

निघू शकतं, याचा पुरावा रस्त्यावर धावतोय. आपण जिला छोटा हत्ती म्हणतो ती टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली. गिरीश वाघ या तरुण इंजिनिअरकडे या प्रकल्पाची धुरा दिली होती. त्यांची टीम तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी जाऊन बोलली. चारचाकी गाडी असली तर गावात लग्नाच्या बाजारातही आपला भाव वाढेल, असं एका चालकाने सांगितलं होतं! नुसत्या आकड्यांच्या तक्त्यातून हे कधी कळलं असतं? बाहेरच्या एखाद्या नवख्या उद्योजकाला ही गाडी काढता आली असती असं मला वाटत नाही. टूलिंग (भाग बनवायचे साचे-हत्यारं), पुरवठादार, डीलर, सगळं कंपनीकडे आधीच होतं. कंपनीने आतल्याच माणसावर भरवसा टाकला, एवढंच.

फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या चीनच्या हायर कंपनीने तर कंपनीचा सांगाडाच बदलला. मधल्या फळीतल्या हजारो व्यवस्थापकांची पदं काढून टाकली आणि कंपनीची छोट्या छोट्या स्वतंत्र गटांत विभागणी केली. गटाचा नफा-तोटा, माणसं निवडणं, कमाईतला वाटा ठरवणं, सगळं त्या गटाकडे. इतक्या लोकांची पदं काढणं मला पटत नाही, हेही सांगतो. पण निर्णयाचा हक्क खाली द्यायला हवा, यात शंका नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं? ड्रिलिंग मशीनवरच्या ऑपरेटरला दिसत असतं की फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब (भोक पाडायचा सुटा भाग) धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बर म्हणजे कापताना उरलेला धातूचा कंगोरा अडकतो, जॉब नीट बसत नाही आणि भोक सरकतं. जॉब नेमक्या जागी टेकवणाऱ्या लोकेटरखाली एक खाच दिली तर बर निघून जाईल आणि रिजेक्शन कमी होईल. तो सुपरवायझरला सांगतो. सुपरवायझर म्हणतो, आधी आजचं प्रॉडक्शन काढ. सूचना पेटीत चिठ्ठी पडते आणि वर्षातून एकदा स्टीलच्या डब्याचं बक्षीस मिळतं. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली, पण तिथे सूचना तपासली जाते, पटली तर अमलात येते. आपण तिच्यातली फक्त पेटी उचलली.

त्यातून संघटित कारखान्यांतले साधारण ४० टक्के कामगार आता कंत्राटी आहेत. ज्याला पुढच्या वर्षी याच गेटमधून आत येणार की नाही हेच माहीत नाही, तो मशीन सुधारायचा विचार कशाला करेल? आणि केला, तरी फायद्यातलं त्याला काय मिळणार?

उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेसाठी सरकारने १४ क्षेत्रांत मिळून १.९७ लाख कोटी रुपये जाहीर केले. पैसा मुख्यतः वाढीव विक्रीवर मिळतो. माझं म्हणणं आहे की असा पैसा घेणाऱ्या कंपन्यांना आणखी काही प्रश्न विचारावेत: कामगारांच्या किती कल्पनांची चाचणी घेतली, त्यासाठी टूलरूमचा (हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागाचा) किती वेळ दिला, आणि वाचलेल्या पैशातला किती वाटा कल्पना देणाऱ्याच्या पगारात गेला?