आम्हांस पुणे सोड

परवा रात्री प्रार्थनेच्या वेळी लाइट गेली होती. अंधारात तिघं बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ ही ओळ आली आणि आमचा धाकटा, वय वर्षं सहा, ठणठणीत आवाजात म्हणाला, ‘आम्हांस पुणे सोड.’

आमेन झाल्यावर विचारलं, तर म्हणे, ‘पप्पा पुण्याला असतात ना. मग देवाला सांगतो, आपल्याला सोड म्हणून.’

ह्यांची नोकरी पुण्यात. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडतात. सोलापुरातल्या किती घरांची ही कथा आहे ते सांगायला नको. मला आधी हसू फुटलं, मग पोटात कालवलं. शब्द चुकला होता, पण आमच्यातली खरी प्रार्थना त्या रात्री त्यानेच केली होती.

पाठांतराला माझा विरोध नाही हं. संडे स्कूलमध्ये घोकलेलं सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधली पाठ केलेली ओळ, ऐन वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर आठवतं, हे मी अनुभवलंय. पण लेकरू काय समजून म्हणतंय हे विचारायचं आपण विसरतो.

मोठीच्या वेळी तर मी कहर केला. घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा असली, चर्चचे पाळकसाहेब आले, की लगेच, ‘म्हण गं बाळा प्रार्थना.’ ती अडखळली की मागून मी शब्द पुरवायचे. एकदा पाहुण्यांची चाहूल लागताच ती मोरीत जाऊन कडी लावून बसली. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशू ही प्रभूची प्रार्थना शिकवतो, पण त्याआधी लोकांना दिसावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांचा समाचार घेतो. खोलीत जा, दार लावून घे, म्हणतो. पोरीने अक्षरशः तेच केलं, आणि ओरडा खाल्ला.

दुसरी खोड म्हणजे प्रार्थनेतून टोमणे. ‘हे प्रभू, हिला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे.’ एका रात्री मोठीने डोळे मिटूनच परतफेड केली: ‘प्रभू, मम्मीला हळू बोलायला शिकव.’ त्यानंतर मी ते बंद केलं. बरंचसं.

मला कुणी शिकवलं म्हणाल, तर आईच्या परातीने. ज्वारीची भाकरी थापताना आई पुटपुटायची. बायबलमधल्या शमुवेलच्या आईचे, हन्नाचे, प्रार्थना करताना मंदिरात नुसते ओठ हलत होते ना, तसं. थाप, थाप, मध्येच एखादं नाव. शेजारच्या काकूंचं, मिल बंद पडून घरी बसलेल्या मामांचं. मग भाकरी तव्यावर, वरून पाण्याचा हात, की पुढचं नाव. ‘ऐका’ असं ती कधीच म्हणाली नाही. प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर’ म्हणजे काय, ते मला त्या परातीपाशी कळलं. दोन खोल्यांच्या घरात दार लावायला वेगळी खोली कुठली? तिची खोली तीच.

तर काल धाकट्याला जवळ घेऊन ‘ऋणे’ समजावलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली उधारीची वही त्याला माहीत आहे. म्हटलं, समज, दुकानदार काकांनी आपल्या नावावरच काट मारली, पैसे नकोत म्हणाले, तर ते ‘ऋण सोडणं’. आणि आपणही दुसऱ्यांचं तसंच सोडायचं.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दीदीने माझी नवी कंपासपेटी मोडली, ते पण?’

‘ते पण.’

‘बघतो,’ म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.