मोबाईल काढून घेतलात, पण हातात दिलंत काय?

गणेश चवथीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या आणि पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला: मुलं मोबाईल सोडत नाहीत. हे मेसेज रात्री साडेअकराला येतात, तेव्हा नेमकं कोण सोडत नाही ते उघडच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, आणि वर्षाच्या आतल्यांना तर मुळीच नको. आमच्याकडे पेज भरवतानाच कार्टून लागतं. असो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. मोबाईल काढून घेतल्यावर मुलाच्या हातात आपण देतो काय?

बहुतेक घरांत उत्तर एकच, क्लास. सोमवारी चित्रकला, बुधवारी कीबोर्ड, शनिवारी अबॅकस. फी, परीक्षा, सर्टिफिकेट. म्हणजे पोराला आणखी एक शाळा लागली. तिथून दमून घरी आल्यावर ते मोबाईलच मागणार.

क्लासवाल्यांशी माझं भांडण नाही. शास्त्र शिकायचं तर गुरू हवाच. पण छंद टिकतो तो आपल्यावाचून कुणाचं तरी अडत असेल तर, असं माझं ठाम मत आहे. आणि गोव्यात असं अडणारं काम वर्षभर चालू असतं, आपण मुलांना तिथवर नेत नाही एवढंच.

घुमटाचंच बघा, म्हणजे मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं आपलं वाद्य. २०१९ मध्येच सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवत, त्यावर कायद्याने बंदी आली, आता बकऱ्याचं कातडं वापरतात. उजव्या हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने मातीच्या भांड्याचं लहान तोंड झाकत-उघडत आवाज वळवायचा. दोन्ही हात गुंतलेले, मोबाईल धरायला तिसरा हात नाही! शिवाय घुमट आरतीत एकटं वाजवून भागत नाही. शामेळाचा ढोल आहे, कासाळ्याची झांज आहे, गाणारे आहेत. एक पोरगा चुकला की सगळे त्याच्याकडे बघतात. त्या बघण्याने जे शिकवून होतं ते कुठल्याही ॲपने होत नाही. मग पुढच्या चवथीला कुणीतरी घरी येऊन विचारतं, 'अरे, तू येणार ना रे आरतीला?' बारा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं?

माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची रानफळांनी सजवलेली चौकट, तीही तशीच. बाजारातून तयार जुड्या आणून बांधली तर ते काम अर्ध्या तासाचं. आजोबांबरोबर रानात गेलं तर कवंडळ कुठल्या वेलीला लागतं, घागऱ्या कुठे मिळतात, कांगण्या कशा ओळखायच्या, हे सगळं पायांना आणि डोळ्यांना कळतं. बांधायची कशी, जड नारळ कुठे, आंबाड्यांचा घोस कुठे, यात भरपूर डोकं लागतं. कला आणि संस्कृती खात्याची माटोळी स्पर्धा असते, तिथल्या माटोळ्या बघून या. मोर काय, गणपती काय, नुसत्या फळा-बियांतून उभे केलेले असतात.

आता नरकासुराबद्दल, म्हणजे दिवाळीत पहाटे जाळायच्या पुतळ्याबद्दल, बोलायचं तर थोडं कडू बोलावं लागेल. सांगाडा बांधणं, सुकं गवत भरणं, कागद डकवणं, रंगवणं ही मोठी कारागिरी होती. हल्ली कितीतरी ठिकाणी मुखवटा विकतचा, आणि वर्गणीतला मोठा वाटा साऊंड सिस्टीमवर जातो. तिथे मुलं रात्रभर जागतात खरी, पण नरकासुराचं शूटिंग करत. करणारे कमी आणि बघणारे फार.

घरातही हेच चाललंय. चित्र काढण्याचे, क्रोशाचे, मातीच्या भांड्यांचे व्हिडिओ मुलं (आणि त्यांच्या आया) तासन्‌तास बघतात आणि सुई हातात घेत नाहीत. बघून झालं की केल्याचंच समाधान मिळतं, आणि तेच घातक. एक व्हिडिओ बघा, थांबवा, करून बघा. वाकडं होईल. होऊ दे. फरशीवर रंग सांडेल. 'पसारा नको' म्हणणाऱ्या घरात मूल शेवटी मोबाईलच घेऊन बसतं, कारण मोबाईलचा पसारा होत नाही.

मुलांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो स्टेटसवर टाकणंही जरा आवरा. लाईक मोजायला ती परत स्क्रीनकडेच येतात.

तर मुद्द्याचं सांगतो. सांखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा आमच्या वाड्यावरच्या मुलांनी होडी करायची ठरवलीय. स्पर्धेत उतरेल की नुसती तरंगेल, बघू. दिवाळी झाल्यावर पहिल्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात काम सुरू. फी नाही. बांबू आहेत, खळ मी शिजवतो, कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं घरून आणा. मुलांना गेटपाशी सोडून परत जायचं नाही, आईबाबांनीही मांडी घालून बसायचं. आणि थर्माकोल कृपा करून आणू नका, पौर्णिमेनंतर तो नदीतून आम्हालाच वेचावा लागेल.